बालगंधर्वांचा कपडेपट

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबई ही नावे आधी येतात. पण आपल्या बडोद्याला टाळून तो इतिहास पुरा होत नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीचे लाडके गायक नट भाऊराव कोल्हटकर बडोद्याचे. १८८२ साली इथूनच ते त्या कंपनीत गेले आणि पुढे १९०१ साली निधन होईपर्यंत स्त्रीभूमिका आणि नायकाच्या भूमिका गाजवीत राहिले. आणि राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यातच केला. गडकऱ्यांचा जन्मही जुन्या बडोदे संस्थानातल्या नवसारीचा. ते मात्र हा प्रयोग पाहायला नव्हते. त्याआधी चारच आठवडे, २३ जानेवारीला, सावनेरला त्यांचे निधन झाले होते.

त्या प्रयोगात सिंधूची भूमिका केली ती नारायण श्रीपाद राजहंस यांनी, म्हणजेच बालगंधर्वांनी. त्यांच्या गाण्याबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. घराघरांतून त्यांच्या तबकड्या वाजल्या, आजही वाजतात. त्यांच्या शालूंची आणि दागिन्यांची चर्चाही जुन्या पिढीत पुष्कळ झाली, पण ती बहुतेक थाटामाटाच्या नवलाईपुरती. ते कपडे कसे होते, ते कोण सांभाळत असेल, त्यापायी काय मोजावे लागले, हा विचार फारसा होत नाही. म्हणून या लेखात बालगंधर्वांचे चरित्र कपडेपटाच्या दाराने सांगायचे योजिले आहे. नाटक कंपनीत जिथे वेष आणि त्याचे सामान ठेवतात आणि सांभाळतात, त्याला कपडेपट म्हणतात हे जुन्या मंडळींना सांगायला नको. नव्या पिढीसाठी एवढा खुलासा.

नारायणाची शकुंतला

नारायणाचा जन्म २६ जून १८८८ चा. राजहंस घराणे मूळचे सांगलीकडच्या नागठाण्याचे. घरची स्थिती बेताची, पण गळा लहानपणापासून गोड. दहा-अकरा वर्षांच्या या मुलाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला बालगंधर्व म्हटले अशी आख्यायिका आहे. नाव मात्र कायमचे चिकटले, इतके की पुढे म्हातारपणीही ते बालगंधर्वच राहिले.

भाऊराव गेल्यानंतर किर्लोस्कर मंडळीला त्यांच्या तोडीचा गळा आणि चेहरा सापडत नव्हता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची नजर नारायणावर होती. मुलाला कानाचे दुखणे होते. महाराजांनी मिरजेस त्याच्यावर उपचारांची सोय केली आणि १९०५ साली नारायण किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. मिरजेच्याच मुक्कामात तो शकुंतला म्हणून रंगभूमीवर आला. तेव्हा वय होते सतरा.

या ठिकाणी थोडे थांबून त्या काळच्या वेषाचा विचार केला पाहिजे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक सुरू केले तेव्हाचे वेष देवादिकांचे आणि राक्षसांचे होते. मुकुट, दाढ्या, रंगवलेले चेहरे यांतून पात्र कोण ते लांबूनच कळावे एवढीच अपेक्षा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणले, त्यानंतर ‘सौभद्र’ आले, आणि रंगभूमीवर माणसे दिसू लागली. सुभद्रा ही देवकुळातली असली तरी ती लग्न ठरलेली, मनातून धास्तावलेली मुलगी म्हणून बोलू लागली. तिचा वेषही मग प्रेक्षकांच्या घरातल्या लेकीसुनांच्या वेषाशी ताडून पाहिला जाऊ लागला. निऱ्या चुकल्या तर समोर बसलेल्या बायकांच्या लगेच लक्षात येई.

आणि हा वेष घालणारा पुरुष. सतरा वर्षांच्या मुलाला नऊवारी नेसवणे म्हणजे केवळ लुगडे गुंडाळणे नव्हे. पुरुषाचे खांदे रुंद, कंबर सरळ, पाऊल लांब. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला की खांदे झाकतात आणि खानदानी रीतही सांभाळली जाते. चोळी बेतताना भरावाची जागा आधी ठरवावी लागते, नाहीतर गाताना श्वास भरला की टाके ताणतात. निऱ्या थोड्या आखूड ठेवल्या तर पाऊल आपोआप लहान पडते. केसांचा टोप किंवा गंगावन घट्ट बसले पाहिजे आणि तरी कपाळावर कड दिसता कामा नये. सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि काजळ यांनी चेहरा तयार होतो, पण मानेवरचा रंग चोळीच्या काठाला लागला की कापड गेले. नटाची चाल, नजर, हातांची ठेवण ही अर्धी त्याची आणि अर्धी कपड्याने लावलेली शिस्त असते. बालगंधर्वांनी ही शिस्त इतकी अंगी मुरवली की त्यांना पाहणाऱ्यांना पुरुषाने घेतलेला वेष आठवेनासा झाला.

‘मानापमान’ची रात्र

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आले. गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी ते गाजले हे सर्वश्रुत आहे. पण हे नाटक नीट पाहिले तर ते कपड्यांचेच नाटक आहे. श्रीमंत घरची भामिनी गरीब शिपाईगड्याला, धैर्यधराला, नाकारते. दागिन्यांनी मढलेला लक्ष्मीधर तिच्यापुढे असतो. मग तीच भामिनी साध्या वेषात वनमाला होऊन धैर्यधराला भेटते, आणि ऐश्वर्य बाजूला ठेवल्यावर तिला माणूस दिसतो. गणपतराव बोडसांचा लक्ष्मीधर आणि बालगंधर्वांची भामिनी यांच्या अंगावरचे कपडे हे त्या नाटकातले जणू पात्रच होते. भामिनी भरजरीत नसेल, तर वनमालेच्या साधेपणाला अर्थ उरत नाही.

पहिल्या प्रयोगाच्या त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलणे कोणालाही समजण्यासारखे होते. त्यांनी तो ढकलू दिला नाही. तिकिटे गेली होती, माणसे लांबून आली होती, कंपनीचे पोट त्या खेळावर होते. त्या रात्री कपडेपटात त्यांना भामिनीचा वेष चढवण्यात आला. मुलीच्या मरणाच्या दिवशी बापाने नटूनथटून, दागिने घालून, हसतमुखाने गायचे, हा त्या धंद्याचा निष्ठुरपणा होता. या प्रसंगाकडे कलेवरची निष्ठा म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे, आणि ती निष्ठा खरीच. पण दुःख झाकण्याइतका तो वेष घट्ट विणलेला होता, हेही लक्षात घेतले पाहिजे. भामिनी रंगमंचावर आली तेव्हा लोकांनी भामिनीच पाहिली.

गंधर्व नाटक मंडळी

१९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि बोडस यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. नव्या कंपनीला जुन्या कंपनीचे पेटारे मिळत नाहीत. पडदे, वेष, टोप, दागिने सगळे नव्याने उभे करावे लागते. बालगंधर्वांनी ते उभे केले आणि तेव्हापासून कपडेपट हा कंपनीच्या वैभवाचा आणि खर्चाचाही मोठा भाग झाला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय या कंपनीला लाभला होता. बडोद्यातले मुक्काम त्यामुळे कंपनीला हक्काचे वाटत.

या कंपनीचे प्रयोग पाहिलेल्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. शालू खरा, जर खरी, नाट्यगृहात अत्तराचा दरवळ. दुसऱ्या कंपन्यांत लांबून जर वाटावी अशा नकली काठावर काम भागत असे. इथे पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाने जवळून पाहिले तरी तो फसवला जाऊ नये असा हट्ट होता. बालगंधर्व प्रेक्षकांना आईबापांच्या जागी मानत, आणि आईबापांसमोर खोटे कापड नेसून जायचे नाही हा त्यांचा हिशेब होता. व्यवहाराच्या वहीत हा हिशेब बसत नसे. पण त्यांनी तो शेवटपर्यंत सोडला नाही.

परिणाम प्रेक्षागृहाबाहेरही दिसू लागला. बालगंधर्वांची रेवती, रुक्मिणी किंवा सुभद्रा पाहून बायका पदर घेण्याची, अंबाडा घालण्याची, गजरा माळण्याची तऱ्हा उचलू लागल्या. साबणाच्या आणि औषधांच्या जाहिरातींवर त्यांचे चित्र छापले जाऊ लागले. स्त्रीने कसे दिसावे हे एका पुरुषाने ठरवावे यातली विसंगती आज आपल्याला जाणवते. तेव्हाच्या घरंदाज बायकांना रंगभूमीवर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, पण प्रेक्षागृहात बसून वेषाची पारख करण्याची होती, आणि ती त्या कसोशीने करत. बालगंधर्वांच्या कपडेपटाच्या खऱ्या परीक्षक याच होत्या.

पेटाऱ्यात काय असते

फिरत्या संगीत नाटक कंपनीचा कपडेपट म्हणजे काय, याचा थोडा तपशील द्यायला हवा. कंपनी एका गावी काही आठवडे मुक्काम करी आणि या मुक्कामात एकच नाटक नव्हे, तर चार-सहा नाटके आलटून पालटून लावी. आज ‘सौभद्र’, परवा ‘मृच्छकटिक’, त्यानंतर ‘स्वयंवर’. म्हणजे आज सुभद्रा, परवा वसंतसेना, पुढे रुक्मिणी. प्रत्येकीचे कपडे वेगळे, आणि प्रत्येक अंकाला बदल वेगळा. रात्री नऊ-दहाला सुरू झालेला खेळ वन्स मोअर घेत पहाटेपर्यंत चाले. पाच-सहा तास दिव्यांच्या उष्णतेत जड शालू नेसून गायचे, तर घाम येणारच.

घाम हा रेशमाचा पहिला शत्रू. सुती कपडा भट्टीला जातो, पण जरीचा शालू पाण्यात घालता येत नाही. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची बारीक पट्टी आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. हवेतल्या धुराने आणि ओलाव्याने चांदी काळी पडते. म्हणून खेळ संपल्यावर, सगळी मंडळी जेवायला बसलेली असताना, कपडेपट सांभाळणाऱ्यांचे काम सुरू होते. ओलसर कपडे आधी सावलीत वाऱ्यावर टाकायचे. उन्हात टाकले तर रंग उडतो. काखेचे आणि गळ्याचे अस्तर सुती ठेवलेले असते ते उसवून वेगळे धुवायचे आणि पुन्हा टाके घालायचे. रंगाचा डाग दिसला तर चोळायचे नाही, कोरडाच टिपून घ्यायचा. मग घडी. जरीचे वस्त्र दर वेळी त्याच रेषेवर दुमडले तर काही महिन्यांत तिथे चीर पडते, म्हणून घडी बदलत राहावी लागते. दोन घड्यांमध्ये मऊ मलमल, पेटाऱ्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि लवंगा, म्हणजे कसर लागत नाही. चातुर्मासात दमट हवेत आठ-पंधरा दिवसांनी सगळे बाहेर काढून हवा द्यायची. आणि मुक्काम हलला की हे सगळे पेटारे बैलगाडीत, तिथून रेल्वेच्या डब्यात, पुन्हा बैलगाडीत.

आपल्या भागातल्या मराठी वस्तीत हे कापड ठाऊक नसलेले घर क्वचितच असेल. बनारसचा शालू, पैठणी, इंदूरजवळच्या महेश्वरची आणि ग्वाल्हेरकडच्या चंदेरीची लुगडी, कर्नाटकातली इरकली, खणाची चोळी. मराठी माणूस जिथे जिथे स्थिरावला तिथे तिथे त्याच्या बायकांच्या अंगावर हे कापड होते. बालगंधर्वांच्या प्रेक्षक बायका याच कापडाच्या जाणकार होत्या.

हँडबिलावर नाटककाराचे नाव असे, नटांची नावे असत. शिंपी, परीट, टोप बसवणारा, निऱ्या घालून देणारा यांची नावे नसत. त्यांचा जन्म पेटाऱ्याच्या कुलपाभोवती गेला. बालगंधर्व रंगमंचावर उभे राहिले की पहिल्या क्षणी टाळी पडे, गाणे सुरू होण्याच्या आधी. त्या पहिल्या टाळीत या माणसांचा वाटा होता.

ठिगळांचे लुगडे

आता पुन्हा १९१९ च्या बडोद्याकडे येऊ. गंधर्व मंडळीची ख्याती तोपर्यंत वैभवाची झालेली. १९१६ साली ‘स्वयंवर’ आले होते आणि त्यातल्या रुक्मिणीने, भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी आणि तिच्या राजवेषाने, लोकांना वेड लावले होते. अशा कंपनीपुढे गडकऱ्यांनी ठेवली ती सिंधू. नवरा सुधाकर वकील, दारूच्या नादाने सनद गेलेली, घर उद्ध्वस्त झालेले, बायको जात्यावर दळणे दळून दिवस काढते आहे. गडकऱ्यांच्या हातून पदे पुरी झाली नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी केली. सुधाकर झाले गणपतराव बोडस.

सिंधूला शालू नेसवता येत नव्हता. ज्यांच्या नुसत्या कपड्यांसाठी लोक येत, त्या बालगंधर्वांना ठिगळांचे लुगडे नेसून, अंगावर दागिना नसताना, जात्याशी बसायचे होते. कंपनीच्या दृष्टीने हा धोकाच होता. आणि कपडेपटाच्या दृष्टीने हे काम शालूपेक्षा अवघड. नवे लुगडे फाडून ठिगळ लावले तर ते रंगमंचावर लबाडी दिसते. कापड आधी अनेकदा धुऊन, वापरून जुने झालेले हवे. ठिगळ जिथे अंग घासते तिथेच हवे, गुडघ्याशी, पदराच्या टोकाशी. आणि ते टाके कुठल्या शिंप्याचे नव्हे, घरातल्या बाईने कंदिलाच्या उजेडात घातलेले वाटायला हवेत. शिवाय एवढ्या दारिद्र्यातही सिंधू चांगल्या घरची आहे, तिचे नेसणे नीटनेटके आहे, ते ढळता कामा नये.

बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षागृह रडले, आणि पुढे वर्षानुवर्षे रडत राहिले. दारूच्या दुष्परिणामांवर व्याख्याने देणाऱ्यांना जे साधले नाही ते या लुगड्याने साधले असे म्हटले तर फार चूक होणार नाही. या नाटकात सिंधूचे तान्हे मूल मरते. आठ वर्षांपूर्वी आपल्या लेकीच्या मरणाच्या दिवशी जो माणूस भरजरी वेषात गायला, त्याला आता दारिद्र्याच्या वेषात मुलाचे मरण सोसायचे होते. त्यांच्या मनात काय आले असेल यावर तर्क करण्यात अर्थ नाही. एवढे मात्र खरे की या वेषात लपायला जागा नव्हती. शालूने, दागिन्याने, अत्तराने जी झाकली जाते ती प्रत्येक गोष्ट इथे उघडी होती, आणि बालगंधर्व त्यातही उभे राहिले. भरजरीची कीर्ती असलेल्या त्या कंपनीच्या कपडेपटातले सर्वांत मोलाचे वस्त्र हे ठिगळांचे लुगडे होते, आणि ते पहिल्यांदा आपल्या गावात नेसले गेले.

खर्च आणि कर्ज

१९२० साली ‘द्रौपदी’ आले. मयसभेचा देखावा आणि राजघराण्यांचे वेष यांवर कंपनीने हात सैल सोडून खर्च केला. नाटक लोकांनी पाहिले, पण खर्च निघाला नाही. कंपनीची मालकी पुढे एकट्या बालगंधर्वांकडे आली तेव्हा तिच्याबरोबर लाखाच्या वरचे कर्जही आले. त्यांनी ते नाकारले नाही. खेळ करून करून, वर्षांमागून वर्षे राबून त्यांनी ते फेडले. पण कपड्यांची आणि पंगतीची रीत तीच ठेवली. कंपनीत शंभरावर माणसे दोन्ही वेळा एका पंगतीत जेवत, आणि मालकाचे ताट वेगळे नसे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झाला. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. एकमेकांच्या चुरशीच्या दोन कंपन्या, आपापल्या प्रेक्षकांसह, देशकार्यासाठी एका रंगमंचावर आल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत परळला गांधीजींच्या हस्ते परदेशी कापडाची होळी झाली. कापडाचा अर्थ देशात बदलत होता. जाडीभरडी खादी मानाची होऊ लागली होती. भरजरी रंगभूमीचे दिवस त्याने लगेच संपले नाहीत, पण वैभवाकडे पाहण्याची लोकांची नजर पूर्वीसारखी राहिली नाही. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले.

पुढच्या दहा वर्षांत आणखी दोन गोष्टी घडल्या. १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक कंपनी काढली आणि घरंदाज वळणाने गाणाऱ्या स्त्रिया रंगभूमीवर दिसू लागल्या. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी हे एकदा डोळ्यांना पटले की भराव, टोप आणि निऱ्यांची ती सगळी कारागिरी निरुपयोगी होत जाते. आणि १९३१ पासून चित्रपट बोलू लागला. त्याच १९३१ साली बालगंधर्वांनी ‘कान्होपात्रा’ केले. वैभवात वाढलेली, पण विठ्ठलाच्या पायाशी सगळे सोडणारी ती स्त्री. त्या भूमिकेतली भजने लोकांनी आपल्या देवघरात नेली.

१९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले. व्ही. शांताराम दिग्दर्शक, सामग्री उत्तम. पण पडद्यावर साध्या धोतर-उपरण्यातले बालगंधर्व पाहून त्यांचे जुने चाहते हिरमुसले. कॅमेऱ्यापुढे तुकड्यातुकड्याने काम करायचे, समोर प्रेक्षक नाही, टाळी नाही, वन्स मोअर नाही, हे त्यांनाही मानवले नाही. ते रंगभूमीवर परतले. पुढे गोहरबाई कर्नाटकी कंपनीत आल्या. स्त्रीभूमिका त्या करू लागल्या आणि बालगंधर्वांच्या अंगावर संतांचे आणि पुरुषांचे वेष आले. ज्या कपडेपटात त्यांचे आयुष्य गेले, तिथले शालू आता दुसऱ्या कोणासाठी बाहेर निघत होते. १९४० साली पत्नी लक्ष्मीबाई गेल्या. १९५१ साली गोहरबाईंशी त्यांनी लग्न केले. त्यावर बोलणाऱ्यांनी पुष्कळ बोलून घेतले.

मागे काय राहिले

शेवटची वर्षे हालाखीची होती. पाय गेले होते, पैसा राहिला नव्हता. गाणे मात्र राहिले होते; खुर्चीत बसून ते भजने गात. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण मिळाले. १९६२ साली पुण्यात त्यांच्या नावाच्या रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हातून बसली. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिनी, २६ जून १९६८ रोजी, रंगमंदिर उघडले. तिथे गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन मोठी तैलचित्रे आहेत, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले. कापडाचा पोत आणि पदराची ठेवण ज्यांना पाहायची असेल त्यांनी दुसऱ्यापुढे थोडे जास्त थांबावे.

बालगंधर्वांनी कपड्यांपायी कंपनी बुडवली असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. हिशेबाने ते चूक नाहीत. पण ज्या प्रेक्षकाने चार-आठ आणे देऊन मागे उभ्याने खेळ पाहिला, त्यालाही खरी जर, खरा पोत आणि खरे गाणे मिळावे असे मानणारा मालक पुढे फारसा झाला नाही. त्याची किंमत त्यांनी दुसऱ्यावर ढकलली नाही, स्वतः मोजली. कर्ज फेडले, आणि शेवटी रित्या हातांनी राहिले.

रेशीम आणि जर फार वर्षे टिकत नाहीत. त्यांच्यापैकी काही अजून आपल्या घरांतल्या कपाटांत आहे. आजीचा शालू, पणजीचा शेला. दिवाळीच्या आत ते एकदा बाहेर काढावे, सावलीत हवा द्यावी आणि घडी बदलून ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू नये, त्यात ओलावा कोंडतो आणि जर काळी पडते. जुनी सुती लुगडीही टाकून देऊ नयेत. एखाद्या नाटकात सिंधूला ती लागतील.

आणि आणखी एक. गणेशोत्सवात आपल्याकडे मुले आणि मोठी माणसे हौसेने नाटके करतात. वेष कोणीतरी जमवते, कोणीतरी नेसवते, आणि रात्री सगळे घरी गेल्यावर कोणीतरी घामेजलेले कपडे वाळत टाकून घड्या घालत बसते. बालगंधर्वांच्या काळच्या हँडबिलांवर त्या माणसांची नावे छापली गेली नाहीत. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत दोन ओळींची जागा सहज निघेल. यंदापासून ती नावे छापावीत.